लांबट कुशन हिऱ्याचा घाट कसा पारखावा

(ट्रस्टच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत बारडोली येथे दिलेले भाषण)



संस्थेचा हीरक महोत्सव आहे, तेव्हा हिऱ्यावरच बोला, अशी विश्वस्तांची आज्ञा झाली आणि आम्ही ती आनंदाने मान्य केली. आम्ही जवाहिरे नाही. आमचा व्यवसाय शाळामास्तराचा, विषय विज्ञान आणि गणित. परंतु बारडोलीत राहून शिक्षकी करणाऱ्याला हिऱ्यापासून दूर राहता येत नाही. सुरत येथून तीस-पस्तीस किलोमीटर. नगांच्या हिशेबाने पाहिले तर जगात पैलू पाडून तयार होणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ सुरतेच्या घंटीवरून जातात. तापी लाइनीवरून खानदेशातून इकडे आलेल्या आपल्या मराठी कुटुंबांतली कितीतरी मुले त्या घंट्यांवर बसलेली आहेत आणि त्यांतली पुष्कळशी आमच्या बाकांवरून उठून गेलेली आहेत. अपूर्णांक आम्ही त्यांना शिकविले. तळिया आणि मथाळा म्हणजे काय, हे त्यांनी आम्हांला शिकविले.

हिरा हा विषय अफाट आहे. त्याचा एक लहानसा कोपरा आम्ही आज निवडला आहे. अलीकडे साखरपुड्याच्या आणि लग्नाच्या अंगठीत गोल हिऱ्याऐवजी लांबट कुशन मागण्याची हौस वाढली आहे. कुशन म्हणजे उशी. चौकोनी घाट, पण कोपरे गोलसर आणि बाजू किंचित फुगीर. तोच एका अंगाने लांबविला की लांबट कुशन होतो. बोटावर तो शोभून दिसतो, बोट लांबसडक वाटते, हे आम्हांला मान्य आहे. मात्र गोल हिरा घेताना गिऱ्हाइकाच्या हाती जो एक आधार असतो, तो येथे नसतो. आणि नेमके हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

तो आधार म्हणजे कागदावरील 'कट' या शब्दापुढची श्रेणी. अमेरिकेतील जी. आय. ए. या संस्थेने गोल ब्रिलियंट हिऱ्याला कटची श्रेणी देण्यास २००६ साली आरंभ केला. गोल हिऱ्याचे गणित तसे जुने आहे. मार्सेल टोल्कोव्हस्की या तरुण अभियंत्याने १९१९ साली पुस्तक लिहून त्याच्या कोनांचा हिशेब मांडला होता. गोल हिऱ्याचे पैलू ठराविक आणि त्यांची जागाही ठराविक, म्हणून त्याला मोजपट्टी लावता येते. कुशनचे तसे नाही. दोन कारखान्यांतले कुशन पालथे करून पाहा. तळाच्या पैलूंची मांडणी निराळी आढळेल. त्यामुळे जी. आय. ए.च्या कुशनच्या कागदावर वजन असते, रंग असतो, स्वच्छता असते, 'पॉलिश' आणि 'सिमेट्री' असते. कटची श्रेणी नसते. दुसऱ्या काही प्रयोगशाळा आपापल्या मापाने काही लिहितात, पण ते त्यांचे त्यांचे मत समजावे.

आता दुकानात काय होते ते पाहा. विक्रेता सांगतो, ''सगळे एक्सलंट आहे.'' कागदावर तसे छापलेलेही असते. पॉलिश एक्सलंट म्हणजे पैलूंचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे. सिमेट्री एक्सलंट म्हणजे पैलू एकमेकांना नीट भिडले आहेत, एक बाजू दुसरीशी जुळते आहे. विटांचे बांधकाम साफ आणि ओळंब्यात आहे, एवढाच याचा अर्थ. त्या घरात उजेड येतो की नाही, हे त्यावरून कळत नाही. 'ट्रिपल एक्स' हा शब्द गोल हिऱ्याचा आहे. कुशनच्या बाबतीत तो कोणी उच्चारला तर तिसरा एक्स कोणी दिला, एवढेच शांतपणे विचारावे.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुलीच्या निकाहासाठी त्यांनी वर्षभर पैसे बाजूला ठेवून १.०१ कॅरटचा लांबट कुशन घेतला. दुकानाचे नाव घेण्याचे कारण नाही. घरी आल्यावर बायकांनी पाहिले, शेजारणीच्या अंगठीतला हिरा कमी वजनाचा, पण दिसायला एवढाच. उलट याच्याहून उजळ. गृहस्थ परत गेले. त्यांना कागदावर बोट ठेवून दाखविण्यात आले आणि कागद खरोखरच खोटा नव्हता. त्यावर माप होते : लांबी ६.१, रुंदी ५.१, खोली ३.९ मिलिमीटर. ३.९ ला ५.१ ने भागले की साडेशहात्तर टक्के खोली येते. हाच चेहरा, म्हणजे ६.१ गुणिले ५.१, सहासष्ट टक्क्यांच्या आसपास खोलीत बसविला असता तर वजन भरले असते सुमारे ०.८६ कॅरट. मधले पंधरा सेंट त्या हिऱ्याच्या पोटात होते. ते वरून दिसत नाहीत, उजेडाच्या कामीही येत नाहीत. पैसे मात्र त्यांचेही मोजले गेले, आणि तेही एक कॅरटच्या चढ्या दराने.

हा चढा दर नीट समजून घेतला पाहिजे. हिऱ्याचा भाव दर कॅरटमागे सांगतात आणि अर्धा कॅरट, एक कॅरट, दीड, दोन असे टप्पे ओलांडले की तो दर उडी घेतो. नव्याण्णव सेंटचा नंग आणि शंभर सेंटचा नंग यांत डोळ्याला काही फरक नाही, बाजाराला मोठा आहे. म्हणून कारखान्यात कच्चा हिरा आला की पहिला प्रश्न पडतो तो वजन कसे टिकेल हा. गोल हिरा करताना कच्च्या मालाचा अर्ध्याहून अधिक भाग बहुधा घसून जातो. कुशनमध्ये कोपरे राहतात, पोट राहते, वजन वाचते.

आपण ऊसवाली माणसे आहोत. उसाला भाव टनावर मिळतो. तोडणीच्या तोंडावर फडाला पाणी दिले की वजन वाढते, साखर वाढत नाही, हे येथे बसलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला आम्ही सांगावयास नको. खोल पोटाचा कुशन हा असाच तोडणीपूर्वी पाणी दिलेला ऊस आहे.

घंटीवर बसणाऱ्या आमच्या एका विद्यार्थ्याला आम्ही एकदा विचारले, की तुझ्या हातून असा नंग कसा उतरतो? तो म्हणाला, ''सर, हात आमचा असतो, पण नंग कसा बनवायचा ते वर प्लॅनिंगमध्ये ठरतं. कॉम्प्युटर रेघा मारून देतो. त्या रेघेच्या आत घसलं आणि वजन पडलं, तर पगारातून बोलणी खावी लागतात.'' वाईट घाट दिसला की आपण कारागिराला नावे ठेवतो, ते बहुतेक वेळा अन्यायाचे असते. २००८ च्या मंदीत आणि पुन्हा या अलीकडच्या वर्षांत सुरतेच्या रत्नकलाकारांनी जे सोसले ते आपल्यापैकी अनेक घरांना ठाऊक आहे. रेघ कोठे मारायची, हे त्यांना कोणी विचारीत नाही.

वजन आणि तेज यांचे हे भांडण नवे नाही. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सुरत बंदरातून अनेकदा आत आला आणि गोवळकोंड्याच्या खाणींपर्यंत गेला. आपल्याकडचे कारागीर स्वच्छ हिऱ्याला वजन घटेल या भीतीने जेमतेम घंटी लावतात आणि डाग असलेल्या हिऱ्यावर बारीक बारीक पैलू पाडून डाग झाकतात, असे त्याने नोंदविले आहे. हे वाक्य लक्षात असू द्यावे, पुढे त्याचा उपयोग आहे. आमच्या मराठी मुलखातले उदाहरण हवे असेल तर त्र्यंबकेश्वरच्या देवस्थानातला, जगात 'नासक' या नावाने ओळखला जाणारा हिरा घ्या. १८१८ साली पेशवाई बुडाली, त्या धामधुमीत तो इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा त्याचे वजन सुमारे नव्वद कॅरट होते. लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या पेढीने त्याला पुन्हा पैलू पाडले. नंतर १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने त्याचा घाट पार बदलला, आणि आज तो ४३.३८ कॅरटचा आहे. देवाचा हिरा असा निम्मा व्हावा याचे दुःख वाटते. पण सौदा करण्यात मुरलेले जवाहिरे तेजासाठी इतके वजन घंटीवर सोडून देतात, तर आपण वजनाच्या आकड्यावर का भुलावे, हा विचारही मनात येतो.

आता दुकानात गेल्यावर काय करावे, त्याकडे वळू.

आधी कागद घ्यावा आणि दोन भागाकार करावेत. मोबाइलवर करा, तोंडी करा. लांबीला रुंदीने भागले की लांबटपणा कळतो. १.०५ पर्यंतचा कुशन डोळ्याला चौरसच दिसतो. १.१५ ते १.३० हा लांबट कुशनचा सर्वसाधारण प्रदेश, त्यात कोणता निवडावा ही आवड. दुसरा भागाकार खोलीचा, आणि येथे एक मेख आहे : लांबट घाटात खोलीचे टक्के रुंदीवर काढतात, लांबीवर नाही. आमच्या मते ६० ते ६८ च्या दरम्यानची खोली असेल तर नंग पाहण्यालायक समजावा. ७० च्या वर गेली तर वजन पोटात आहे असा संशय धरून पाहावे. टेबल, म्हणजे माथ्यावरचा सपाट पैलू, रुंदीच्या ६५ टक्क्यांच्या पुढे गेला असेल तर मथाळा बहुधा चपटा असतो आणि रंगीत ठिणग्या कमी उडतात. कमरेच्या पट्ट्याविषयी कागदावर 'व्हेरी थिक' असे शब्द आले तर तेथेही वजन लपलेले असते. फार पातळ असेल तर कोपऱ्याला टवका उडण्याचे भय.

हे आकडे चाळणीसारखे वापरावेत, निकाल देण्यास ते पुरेसे नाहीत. जगातला सर्वांत प्रसिद्ध लांबट कुशन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १९५८ पासून आहे. तो निळा होप हिरा, वजन ४५.५२ कॅरट. मूळ आपल्या गोवळकोंड्याच्या मुलखातला. ताव्हेर्नियेनेच तो फ्रान्सच्या राजाला विकलेल्या निळ्या हिऱ्यातून निघालेला. त्याची मापे २५.६०, २१.७८ आणि १२.०० मिलिमीटर अशी दिली जातात. भागाकार करून पाहा : लांबटपणा १.१८, खोली ५५ टक्के. आमच्या चाळणीतून तो खाली पडला असता! म्हणून चाळणीनंतर डोळा लागतो.

डोळ्याने काय पाहायचे हे कळण्यासाठी दहावीतला एक धडा आठवावा लागेल. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२. त्यामुळे हिऱ्याच्या आत शिरलेला किरण तळाच्या पैलूवर उभ्या रेषेशी साधारण साडेचोवीस अंशांपेक्षा जास्त कोनाने आपटला, तर तो बाहेर पडू शकत नाही. आरशावरून परतावा तसा परततो. कोन त्याहून कमी झाला की किरण तळातून निसटतो. पाण्याच्या बाबतीत हाच कोन साडेअठ्ठेचाळीस अंशांच्या घरात आहे, म्हणून पाण्याच्या थेंबाला हिऱ्याचे तेज येत नाही. घाट चांगला म्हणजे वरून आलेला उजेड तळाच्या दोन उतारांवर आपटून पुन्हा वर, आपल्या डोळ्यांत, येईल असे उतार साधणे. सगळी विद्या एवढीच.

गोल हिऱ्यात हे उतार चोहीकडून सारखे ठेवता येतात. लांबट कुशनमध्ये तळ एकच, पण रुंदीच्या बाजूने अंतर थोडे आणि लांबीच्या बाजूने जास्त. म्हणजे एका अंगाने उतार उभा आणि दुसऱ्या अंगाने पसरट. सगळे कोन एकदम आदर्श ठेवणे कारागिराला शक्य नसते, त्याला तडजोड करावी लागते. या तडजोडीची खूण म्हणजे मध्यभागी रुंदीच्या दिशेने आडवी पडणारी काळी आकृती. व्यापारी तिला 'बो-टाय' म्हणतात. आपण डमरू म्हणू, कारण ती हुबेहूब तशीच दिसते, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना फुगलेली. मधल्या पैलूंना ज्या दिशेकडून उजेड यावयाचा, त्या दिशेला पाहणाराचे स्वतःचे डोके आडवे येते. एका अर्थी ती आपलीच सावली असते.

डमरू थोडाफार प्रत्येक लांबट घाटात असतो. तो मुळीच नाही असे सांगणाऱ्यावर आम्ही विश्वास ठेवणार नाही. पाहायचे ते असे. नंग चिमट्यात किंवा दोन बोटांच्या बेचक्यात धरून डोळ्यांपासून वीतभराहून थोडा दूर ठेवावा आणि हळूहळू पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे कलता करावा. काळे भाग जागा बदलत असतील, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होत असेल, तर उत्तम. हिऱ्याची लखलख याच अदलाबदलीने होते. डमरू मात्र नंग कलता केला तरी जागचा हलत नसेल, गच्च काळा राहत असेल, तर तो हिरा परत द्यावा. अंगठीत बसविल्यावर तो आणखी ठळक होतो. लांबटपणा वाढला की डमरू आवरणे अधिक कठीण, म्हणून १.३० च्या पुढचा नंग घेताना दुप्पट वेळ पाहावे.

दुसरा दोष याच्या उलट असतो. मध्यभाग काळा नसतो, तर पाणचट, काचेसारखा आरपार दिसतो. याला खिडकी म्हणतात. छापील कागदाच्या ओळीवर नंग टेबल वर करून ठेवावा आणि अगदी सरळ वरून पाहावे. मधून अक्षरे लागत असतील तर तेथील उजेड तळातून निसटतो आहे. तिरपे पाहू नये, कारण तिरके पाहिल्यावर चांगल्या नंगातही थोडे आरपार दिसते आणि विक्रेत्याशी उगाच वाद होतो.

आता उजेडाविषयी. दागिन्यांच्या दुकानातले दिवे हे दागिने विकण्यासाठी लावलेले असतात. बारीक, तीव्र, पिवळट-पांढऱ्या दिव्यांच्या माळेखाली काचेचा तुकडासुद्धा ठिणग्या टाकतो. सुरतेचा महिधरपुऱ्याचा हिराबाजार ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल, तेथे लाखोंचे सौदे रस्त्यावर, साध्या दिवसाच्या उजेडात, कागदाच्या पडीक्यातून होतात. गिऱ्हाइकानेही तेच करावे. दुकानदाराला नम्रपणे सांगून नंग दारापाशी आणावा. ऊन थेट पडू देऊ नये, सावलीतला उजेड घ्यावा. मग एका साध्या ट्यूबलाइटखाली पाहावा. मग हाताची सावली करून अर्धवट अंधारात पाहावा. तीनही ठिकाणी जो जिवंत राहतो तो हिरा. जो फक्त दिव्याखालीच नाचतो, तो घरी आल्यावर झोपतो. घरात तसले दिवे कोठून आणणार?

येथे कुशनच्या दोन जाती सांगितल्या पाहिजेत. कागदावर 'कुशन ब्रिलियंट' असे एक नाव असते आणि 'कुशन मॉडिफाइड ब्रिलियंट' असे दुसरे. पहिल्यात तळाचे पैलू मोठे, त्यामुळे उजेडाचे ठळक तुकडे दिसतात. जुन्या काळचे कुशन दिव्याच्या मंद ज्योतीत शोभावेत म्हणून त्या वळणाचे असत. दुसऱ्यात तळाला पैलूंची आणखी एक रांग असते आणि हिरा ठेचलेल्या बर्फासारखा बारीक चमचमतो. कागदावर आकृती असेल तर तळाचे चित्र पाहून हा फरक ओळखता येतो. लांबट कुशन पुष्कळदा या दुसऱ्या जातीचे मिळतात. ज्याला बारीक चमचम आवडते त्याने ती घ्यावी. आवडीला आमचा विरोध नाही. पण ताव्हेर्नियेचे ते निरीक्षण येथे आठवावे. बारीक पैलूंच्या गर्दीत डाग लपतो आणि घाटाचा दोषही लपतो. अशा नंगात मध्यभागी किंवा दोन टोकांना करडा, निर्जीव पट्टा दिसतो का, हे दहा पट दाखविणाऱ्या भिंगाने नव्हे तर साध्या डोळ्यांनी, हातभर अंतरावरून पाहावे. समोरचा माणूस अंगठी तेवढ्याच अंतरावरून पाहणार आहे.

रंगाचीही एक गोष्ट आहे. कुशन रंग धरून ठेवतो. पिवळ्या रंगाचे किमती हिरे मुद्दाम या घाटात करतात, कारण त्यात पिवळेपणा खुलतो. ज्याला पांढरा हिरा हवा त्याच्या दृष्टीने हाच गुण अडचणीचा ठरतो. गोल हिऱ्यात जी छटा लक्षात येत नाही, ती कुशनच्या कोपऱ्यांत आणि टोकांना जमून दिसते. कागदावरचे अक्षर सारखे असले तरी नंग पांढऱ्या कागदावर ठेवून कोपरे पाहावेत.

बाह्यरेषेसाठी आमची एक मास्तरी युक्ती आहे. नंगाचा अगदी सरळ वरून मोबाइलवर फोटो काढून मोठा करावा आणि त्यावर कागदाची कड आधी उभी, मग आडवी, बरोबर मध्यावर धरावी. डावे अंग उजव्यासारखे आहे का? वरचे टोक खालच्यासारखे? चारही कोपरे सारखे गोल आहेत, की एक टोकदार आणि एक वितळलेला? गोल हिऱ्याच्या परिघातली चूक दिसत नाही, उशीची लगेच दिसते. एकदा दिसली की मग डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि रोज हातात घालायची वस्तू आहे.

आता प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या हिऱ्याविषयी दोन शब्द, कारण ते विचारल्याशिवाय आपण आम्हांला सोडणार नाही. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५४ साली कृत्रिम हिरा तयार झाला. आज सुरत त्याचे मोठे केंद्र आहे. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला जो साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला तो असाच, आणि सुरतेतच झालेला. तो कार्बनचाच असतो, त्याचा अपवर्तनांकही तोच, म्हणून आतापर्यंत सांगितलेल्या सर्व परीक्षा त्यालाही जशाच्या तशा लागू. फरक आहे तो किमतीत आणि पुनर्विक्रीत. त्याचे भाव गेल्या काही वर्षांत फार उतरले आहेत, तेव्हा तो ठेव म्हणून घेऊ नये. घाटाच्या बाबतीत मात्र आम्ही त्याच्याकडून अधिक अपेक्षा ठेवतो. येथे कच्चा माल स्वस्त, वजन वाचविण्याची सबब उरत नाही. तरीही पंचाहत्तर टक्के खोलीचा नंग समोर ठेवणाऱ्याला सरळ नमस्कार करून बाहेर पडावे. तो नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, हे कागदावर आणि बिलावर दोन्हीकडे लिहून घ्यावे. कमरेच्या पट्ट्यावर लेसरने कोरलेला क्रमांक भिंगातून पाहून कागदाशी ताडावा.

खरेदीच्या वेळची काही पथ्येही सांगून टाकतो. हिरा सुटा पाहावा, अंगठीत बसविलेला पाहून घेऊ नये. सोन्याच्या कोंदणात तळ झाकला जातो, खिडकी झाकली जाते, कोपऱ्याचा टवका नखाखाली जातो. एकटा नंग कधी पाहू नये, तीन तरी शेजारी शेजारी ठेवावेत. तुलनेवाचून डोळा शिकत नाही, हे आम्ही वर्गात रोज अनुभवतो. एक कॅरटच हवा हा हट्ट नसेल तर नव्वद ते पंचाण्णव सेंटचा उथळ नसलेला, खोलही नसलेला नंग मागावा. चेहरा तेवढाच मिळेल आणि टप्प्याच्या उडीचे पैसे वाचतील. सोन्यावरचा हॉलमार्क हा सोन्यापुरता असतो, हिऱ्याविषयी तो काही बोलत नाही. परत घेण्याची मुदत किती दिवसांची आणि किती टक्के कापून, हे बिलाच्या पाठीवर नव्हे, पुढे लिहून मागावे. ओळखीतून घेतलेल्या हिऱ्याचे बिल मागण्याचा आपल्याकडे संकोच वाटतो. 'आपल्याच पोराने आणून दिला' म्हणून बिल नाही, कागद नाही, आणि पुढे मोडायची वेळ आली की त्या पोरालाच दोष. ज्याचा पगार महिन्याच्या नंगांवर ठरतो त्या मुलाला आपण या कात्रीत पकडू नये.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने मालकाच्या परवानगीने प्रयोगशाळेतले चार लहान लांबट कुशन आज येथे आणले आहेत. खिडकीपाशी मेजावर पांढऱ्या कागदावर ते ठेवले आहेत, बाजूला चिमटा आहे, वर्तमानपत्राचा तुकडा आहे आणि प्रत्येकाच्या मापांची चिठ्ठी पालथी घालून ठेवली आहे. एकात डमरू आहे, एकात खिडकी आहे, एकाचे पोट सुटलेले आहे. सभागृहातले दिवे आता घालविण्यास आम्ही सांगितले आहे. भगिनींनी आधी यावे, आणि आपला निकाल ठरेपर्यंत चिठ्ठी उलटू नये.